बटणावर फोटो, फोटोवर नाव: टीकेइंटरमध्ये पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

बडोद्यात दांडिया बाजारात माझ्या काकूचं फराळाचं छोटं दुकान आहे. वर्षभर चकली, चिवडा, शंकरपाळी. दिवाळी जवळ आली की करंज्या आणि अनारसे. गल्ल्यावर बसणाऱ्या बेन गुजराती वाचतात, काकू मराठी. म्हणून मी टीकेइंटरमध्ये, म्हणजे पायथनच्या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीत, बिलाचा एक प्रोग्राम करून द्यायचं ठरवलं. स्क्रीनवर बारा मोठी बटणं, प्रत्येकावर पदार्थाचा फोटो, फोटोवर नाव आणि भाव. बटण दाबलं की पाव किलो बिलात चढलं.

ऐकायला अर्ध्या दिवसाचं काम वाटतं. मला तीन रविवार लागले. त्यातला एक तर 'फोटो टाकला की नाव जातं, नाव टाकलं की फोटो जातो' एवढ्यातच गेला. तुमचे रविवार वाचावेत म्हणून हे लिहितोय. तुम्हाला पायथन थोडंफार येतं, पण खिडक्या आणि बटणं कधी केलेली नाहीत, असं धरून चालतो.

एक खुलासा आधीच. कोडमधली नावं मी इथे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजी स्पेलिंग. ऑप्शनची नावं सगळी लहान अक्षरांत. 'बटन' (टीकेइंटरमधलं बटण) आणि 'फोटोइमेज' (टीकेइंटरमधलं चित्र) यांची पहिली अक्षरं कॅपिटल, आणि 'फोटोइमेज'मधला मधला 'आय'ही कॅपिटल. यात चुकलात तर पायथन लगेच ओरडतो, त्यामुळे घाबरायचं कारण नाही.

काय काय लागेल

- पायथन ३. विंडोजच्या इन्स्टॉलरमध्ये 'टीसीएल/टीके आणि आयडल' अशी एक चौकट असते, तिच्यावरची टिक काढू नका. उबंटूवर 'पायथन३-टीके' हे पॅकेज वेगळं घ्यावं लागतं.
- पिलो ही फोटो हाताळणारी लायब्ररी, पिपने. टीकेइंटर एकटा जेपीजी उघडत नाही आणि मोबाइलचे फोटो बहुतेक जेपीजीच असतात.
- पदार्थांचे फोटो, खिडकीजवळच्या उजेडात काढलेले. फ्लॅश नको, तुपाळ पदार्थ चमकतात.
- देवनागरी आणि गुजराती दोन्ही येणारा फॉन्ट. विंडोज ८ पासून 'निर्मला यूआय' सोबतच येतो, त्यात दोन्ही लिप्या आहेत.
- नावं आणि भाव दोन्ही भाषांत लिहिलेला एक कागद. हा कागद सगळ्यात आधी करा, संगणकाला हात लावायच्याही आधी.

१. नाव फोटोतच रंगवायचा मोह टाळा

पहिल्या रविवारी मी अगदी हेच केलं होतं. चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमध्ये चकलीचा फोटो घेतला, त्यावर झोकात 'चकली' लिहिलं, खाली भाव टाकला, आणि ते चित्र बटणाला चिकटवलं. दिसायला झकास. काकूनं बघितलं आणि विचारलं, "आणि अरे, तेल महागलं की प्रत्येक वेळी तुलाच बोलवायचं का?"

मग बेन म्हणाल्या की त्यांना 'करंजी' नको, 'घूघरा' हवं. बारा पदार्थ, दोन भाषा, म्हणजे चोवीस चित्रं. भाव बदलला की पुन्हा चोवीस. ती फाइल मी तिथेच टाकून दिली.

नाव वेगळं, फोटो वेगळा. दोघांना एकावर एक ठेवायचं काम प्रोग्रामचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच हिशेबानं आहेत.

२. टीकेइंटर चालतो का, एका ओळीत बघा

कमांडच्या खिडकीत 'पायथन -एम टीकेइंटर' द्या. छोटी खिडकी उघडली आणि तिच्यात टीसीएल/टीकेची (टीकेइंटर आतून हेच वापरतो) आवृत्ती दिसली, की झालं. ८.६ किंवा पुढची हवी. ८.६ पासून पीएनजी चित्रं थेट उघडतात, त्याआधी जीआयएफवर भागवावं लागायचं.

३. फोटो एका मापाचे करून घ्या

मोबाइलचा फोटो हजारो पिक्सेल रुंद असतो आणि बटण १६० बाय १२० चं. फोटो तसाच दिला तर बटण स्क्रीनभर पसरतं. फोटोइमेजमध्ये लहान करायची सोय आहे (सबसॅम्पल), पण ती फक्त पूर्णांकानं भागते: निम्मं, तिसरा हिस्सा, चौथा हिस्सा. नेमकं माप मिळत नाही. म्हणून पिलो.

पिलोच्या 'इमेजऑप्स'मधली दोन फंक्शनं या क्रमानं वापरा:

- आधी 'एक्झिफ_ट्रान्सपोज'. मोबाइल उभा धरला होता की आडवा, ही नोंद फोटोत वेगळी असते आणि पिलो उघडताना ती आपणहून पाळत नाही. हे विसरलात की चकलीचं ताट भिंतीवर टांगल्यासारखं दिसतं.
- मग 'फिट', त्याला माप (१६०, १२०). हे फोटो ताणत नाही, मधला भाग ठेवून कडा कापतं. नुसतं 'रिसाइझ' केलं तर गोल लाडू अंड्यासारखा होतो.

जुन्या कोडमध्ये मापासोबत 'अँटिअलायस' हा शब्द दिसेल. पिलोच्या १० व्या आवृत्तीतून (२०२३) तो काढून टाकला आहे. तिथे 'लँकझोस' लिहा.

फाइलच्या रस्त्यात एक खड्डा आहे. विंडोजवर रस्ता उलट्या तिरक्या रेघेनं लिहितात, आणि पायथनमध्ये उलटी रेघ आणि तिच्यापुढे 'एन' म्हणजे नवी ओळ. फोल्डरचं नाव 'एन' किंवा 'टी'नं सुरू झालं की फाइल सापडत नाही आणि कारणही कळत नाही. सरळ तिरकी रेघ वापरा, विंडोजला चालते. त्याहून बरं म्हणजे पाथलिब घेऊन, प्रोग्रामची फाइल आहे त्याच फोल्डरापासून (दोन अंडरस्कोर, फाइल, दोन अंडरस्कोर) रस्ता बनवा. शेवटच्या पायरीत हे उपयोगी पडणार आहे.

४. एकच बटण करा: 'कंपाउंड' म्हणजे काय

बारा बटणांच्या मागे लगेच लागू नका. एक खिडकी, एक चकली. पिलोनं तयार केलेला फोटो आधी पिलोच्याच 'इमेजटीके'मधल्या फोटोइमेजमध्ये घाला, मग तो बटणाला देता येतो.

बटनला 'टेक्स्ट' दिलं, तर नाव दिसतं. सोबत 'इमेज' दिलं, तर फक्त फोटो दिसतो आणि नाव गुपचूप नाहीसं होतं. चुकीचा संदेश नाही, काही नाही. नवख्या माणसाला वाटतं की नाव फोटोच्या मागे गेलंय, मग तो अक्षरांचा रंग बदलत बसतो. मीही बसलो होतो. पण नाव मागे नसतंच, ते स्क्रीनवर रेखाटलेलंच नसतं. चित्र मिळालं की टीके मजकूर सोडून देतो, कारण 'कंपाउंड' या ऑप्शनची मूळ किंमत 'नन' आहे.

कंपाउंडला या किंमती देता येतात:

- टॉप, बॉटम, लेफ्ट, राइट: चित्र मजकुराच्या वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. लक्षात घ्या, ही जागा चित्राची सांगायची असते, मजकुराची नाही. 'बॉटम' दिलं तर फोटो खाली आणि नाव वर जातं. इथे बहुतेकांचं उलट होतं.
- सेंटर: नाव फोटोवर, बरोबर मध्ये. आपल्याला हेच हवं.

म्हणजे ओळ अशी: बटन(खिडकी, टेक्स्ट='चकली', इमेज=फोटो, कंपाउंड='सेंटर'). एवढ्या एका शब्दासाठी माझा रविवार गेला.

टीटीके नावाचा नव्या धाटणीचा बटनही मिळतो. त्यालाही कंपाउंड चालतं, पण अक्षरांचा रंग आणि फॉन्ट थेट देता येत नाही, त्यासाठी 'स्टाइल' बनवावी लागते. सुरुवातीला साधा बटनच घ्या. आणि टीकेइंटर, टीटीके या दोघांतूनही तारांकन लावून सगळं आयात करू नका. नंतर आलेला बटन आधीच्याला झाकून टाकतो, आणि 'हा ऑप्शन माहीत नाही' असा संदेश येतो.

५. फोटो उडून जातो ती जागा

एक बटण नीट दिसलं की माणूस कोड फंक्शनमध्ये टाकतो. टाकला रे टाकला की फोटो गेला! 'चकली' हे नाव आहे, फोटोच्या मापाची रिकामी जागाही आहे, पण चकली नाही.

कारण असं. फंक्शन संपलं की त्याच्या आतली नावं पायथन सोडून देतो. फोटोइमेज कुणीच धरून ठेवलेली नसते, म्हणून ती साफसफाईत जाते. तुम्हाला वाटतं बटणानं ती धरली आहे. बटणाकडे तिचं फक्त नाव असतं, वस्तू नसते.

उपाय: बटण बनवल्यावर पुढच्याच ओळीत बटण.फोटो = फोटो असं लिहा, किंवा सगळे फोटो एका यादीत ठेवा आणि ती यादी फंक्शनच्या बाहेर ठेवा. पिलोच्या 'इमेजटीके'मधली फोटोइमेजही अगदी अशीच वागते.

याच घरातले आणखी तीन खड्डे:

- खिडकी बनवायच्या आधी फोटोइमेज बनवली, तर 'टू अर्ली' म्हणजे फार लवकर, असा संदेश येतो. आधी टीके(), मग फोटो.
- दुसरी खिडकी पुन्हा टीके() लिहून उघडली, तर 'पायइमेज१ अस्तित्वात नाही' असं काहीसं दिसेल. फोटो पहिल्या खिडकीच्या घरात आणि बटण दुसरीच्या. दुसऱ्या खिडकीसाठी 'टॉपलेव्हल' असतो.
- बटण = बटन(...).ग्रिड(...) असं एका ओळीत लिहिलं, तर 'बटण'मध्ये काहीच राहत नाही, कारण ग्रिड (बटणं रांगा-रकान्यांत बसवणारं फंक्शन) काही परत देत नाही. मग बटण.फोटो लिहायला गेलात की अडकलात. दोन ओळी करा.

६. 'विड्थ' दहा दिली आणि बटण सुतळीएवढं झालं

नुसत्या मजकुराच्या बटणात 'विड्थ' अक्षरांत मोजतात, 'हाइट' ओळींत. बटणात चित्र आलं की तेच आकडे पिक्सेलमध्ये मोजले जातात. आधीच्या बटणावरून 'विड्थ=१०' उचललंत तर दहा पिक्सेलची पट्टी मिळते. फोटो एका मापाचे केलेच आहेत, तेव्हा विड्थ आणि हाइट देऊच नका. बटण फोटोएवढं होतं.

नाव लांब असेल, 'तिखट शंकरपाळी'सारखं, तर बटण नावाएवढं रुंद होतं आणि फोटोच्या दोन्ही बाजूंना राखाडी कडा उरतात. 'रॅपलेंग्थ=१५०' द्या. हे मात्र नेहमी पिक्सेलमध्येच. नाव दोन ओळींत मोडतं.

७. नाव वाचता आलं पाहिजे

खरं काम इथे आहे. कोड सगळा बरोबर असून नाव वाचता येत नाही, असं सर्रास होतं.

पांढरी अक्षरं चकलीवर उठून दिसली. करंजीवर बरी. रव्याच्या लाडवावर गायब. आणि अनारशावर तर गंमतच, खसखशीचे पांढरे ठिपके आणि पांढरी अक्षरं यांचं असं मिश्रण झालं की काकूनं चष्मा पुसून पुन्हा बघितलं. मग काळी अक्षरं केली, तर लाडू वाचता आला आणि चकली गेली. प्रत्येक पदार्थाला वेगळा रंग देत बसलात तर स्क्रीन नवरात्रातल्या चणिया-चोळीच्या दुकानासारखी दिसते.

टीकेच्या बटणात अक्षरांना सावली किंवा कडा देता येत नाही. म्हणून अक्षरं पांढरीच ठेवा आणि फोटो त्यांच्यासाठी तयार करा. दोन रस्ते आहेत.

पहिला, अख्खा फोटो थोडा काळोखा करायचा. पिलोच्या 'इमेजएनहान्स'मधल्या 'ब्राइटनेस'ला ०.६ द्या. सोपं आहे, पण फराळ शिळा दिसतो. बटणावर हिशेबाच्या वहीचा फोटो असता तर चाललं असतं.

दुसरा, जिथे नाव येणार तिथेच अर्धपारदर्शक काळी पट्टी. मी हा घेतला:

- फोटो 'आरजीबीए' प्रकारात बदला.
- तेवढ्याच मापाचं पूर्ण पारदर्शक नवं चित्र घ्या.
- त्यावर 'इमेजड्रॉ'नं आयत काढा, रंग (०, ०, ०, १५०). चौथा आकडा अपारदर्शकतेचा, ० ते २५५.
- 'अल्फा_कंपोझिट'नं दोन्ही एकत्र करा. दोन्ही चित्रं आरजीबीए आणि एकाच मापाची नसतील तर ते नकार देतं.

आयत थेट फोटोवरच काढला तर पट्टीखालचा फोटो पुसला जातो, पट्टीतून दिसत नाही. म्हणून ते वेगळं चित्र.

दीडशे पुरतं का, हे कसं ठरवायचं? वेबसाइटसाठी डब्ल्यूसीएजी नावाचे सुगम्यतेचे नियम आहेत. त्यांत अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५ ला १, आणि मोठ्या अक्षरांना (१८ पॉइंट, किंवा ठळक असतील तर १४) ३ ला १ असा धरला आहे. आपण वेबसाइट करत नाही, पण मोजायला हा निकष चांगला आहे. मोजायचं ते सगळ्यात पांढऱ्या फोटोवर. माझ्याकडे तो रव्याचा लाडू होता. लाडू पास झाला की बाकीचे अकरा आपोआप पास.

८. नाव खाली सरकवायचं असेल तर

'सेंटर' म्हणजे मध्येच. नाव फोटोच्या खालच्या कडेला न्यायची सोय कंपाउंडमध्ये नाही. 'अँकर' ऑप्शन बघून आशा वाटते, पण तो फोटो आणि नाव दोघांना मिळून सरकवतो.

बटणावर वेगळं लेबल चिकटवावं असंही सुचतं. चिकटतं, पण लेबलवर पडलेली बोटं लेबलच खातं. नावावर दाबलं तर बटण दाबलं जात नाही, आणि माणूस नेमका नावावरच दाबतो. कॅनव्हासवर चित्र आणि मजकूर हवा तिथे मांडता येतो, पण मग दाबल्यावर आत जाणारी कड, टॅबनं पुढे जाणं, स्पेसनं दाबणं हे सगळं हातानं करावं लागतं. बारा बटणांसाठी इतका खटाटोप मला पटला नाही.

मी केलेला जुगाड: नावाच्या आधी दोन कोऱ्या ओळी. मजकूर म्हणजे नवी ओळ, नवी ओळ, 'चकली', नवी ओळ, भाव. टीके चारही ओळींचा गठ्ठा मध्ये ठेवतो, म्हणून खऱ्या दोन ओळी खालच्या अर्ध्यात येतात. काळी पट्टी फोटोच्या खालच्या अर्ध्यात काढली की जमलं. एका ओळीची उंची फॉन्टच्या 'मेट्रिक्स'मधून 'लाइनस्पेस' विचारून कळते. माझ्याकडे २७ पिक्सेलच्या आसपास आली, चार ओळींचे १०८, आणि फोटो १२० चा. बसलं. नाव दोन ओळींत मोडलं तर गणित बिघडतं, तेव्हा लांब नावाला एकच कोरी ओळ द्या आणि त्या फोटोवरची पट्टी एक ओळ वरून सुरू करा.

इथे फॉन्टचं माप उणे आकड्यात द्या. २० म्हणजे वीस पॉइंट, उणे २० म्हणजे वीस पिक्सेल. फोटो पिक्सेलमध्ये आणि अक्षरं पॉइंटमध्ये ठेवलीत, तर विंडोजचं स्केलिंग १२५ टक्के असलेल्या स्क्रीनवर अक्षरं पट्टीबाहेर येऊ शकतात. घरच्या लॅपटॉपवर ठीक, दुकानात बिघडलेलं, याचं कारण बहुतेक वेळा हेच.

९. आता बारा बटणं

लूप लावा आणि ग्रिडमध्ये चार-चारच्या तीन रांगा. खड्डा एकच, पण खोल. 'कमांड'मध्ये (बटण दाबल्यावर काय चालवायचं ते इथे सांगतात) लॅम्डा, म्हणजे बिननावाचं छोटं फंक्शन, लिहून त्यात लूपचं नाव वापरलं, की कोणतंही बटण दाबा, बिलात शेवटचाच पदार्थ चढतो. माझ्या यादीत शेवटी अनारसे होते. चकली दाबा, अनारसे. चिवडा दाबा, अनारसे.

लॅम्डा ते नाव बटण दाबल्यावर बघतो, बनताना नाही. तोवर लूप शेवटाला पोचलेला असतो. लॅम्डाच्या सुरुवातीलाच पदार्थ=पदार्थ अशी किंमत बांधून टाका. आणि 'कमांड'मध्ये फंक्शनच्या नावापुढे कंस लावू नका. कंस लावले तर खिडकी उघडतानाच सगळे पदार्थ बिलात चढतात आणि नंतर बटणं मुकी राहतात.

१०. मराठी-गुजराती एका बटणानं

आधी केलेला कागद आता कामाला येतो. प्रत्येक पदार्थाची एक नोंद: फोटोची फाइल, मराठी नाव, गुजराती नाव, भाव. चकली आणि चकरी, चिवडा आणि चेवडो, करंजी आणि घूघरा, शंकरपाळी आणि शक्करपारा. खिडकीच्या कोपऱ्यात भाषा बदलायचं एक बटण ठेवा. ते दाबलं की प्रत्येक बटणाला 'कॉन्फिगर' करून नवं 'टेक्स्ट' द्या. फोटोला हात लावायचा नाही.

विंडोजवर हे लगेच चालतं. लिनक्सवर मात्र मला धक्का बसला. घरी उबंटू आहे, तिथे 'चिवडा' हा 'चविडा' दिसत होता आणि जोडाक्षरं सुटी पडली होती. लिनक्सवरचा टीके ८.६ अक्षरांची जुळणी करत नाही. ती र्‍हस्व वेलांटी टाइप केलेल्या क्रमानं पुढच्या जागी ठेवतो. फॉन्ट बदलून काही होत नाही, मी सात बदलून पाहिले.

लिनक्सवरच चालवायचं असेल तर नाव पिलोकडून फोटोवर लिहून घ्या. पहिल्या पायरीत मी जे करू नका म्हटलं ते हेच ना? नाही. तिथे नाव हातानं रंगवलं होतं. इथे प्रोग्राम सुरू होताना नोंदीतून वाचून लिहितो, भाव बदलला तर चित्र आपोआप नवं होतं. पिलोलाही जुळणीसाठी 'रक्म' ही लायब्ररी लागते. पिलोच्या 'फीचर्स'मधल्या 'चेक'ला तिचं नाव (आर-ए-क्यू-एम) देऊन विचारा, 'ट्रू' आलं पाहिजे. आणि पिलो एका वेळी एकच फॉन्टफाइल वाचतो. नोटो सान्स देवनागरी देऊन गुजराती लिहायला गेलात तर नुसते चौकोन येतील. गुजरातीसाठी नोटो सान्स गुजराती वेगळा द्या. या रस्त्याचा एक फायदाही आहे: नाव हवं तिथे ठेवता येतं, आठव्या पायरीतला कोऱ्या ओळींचा जुगाड लागत नाही.

११. टीकेइंटर नसेल तर

खिडक्या-बटणांच्या दुसऱ्या लायब्ररींत हेच कसं करायचं ते थोडक्यात सांगतो, कारण अडखळण्याची जागा प्रत्येकीची वेगळी आहे.

जावा स्विंगच्या जेबटनमध्ये नाव फोटोशेजारी येतं. 'सेटहॉरिझाँटलटेक्स्टपोझिशन'ला सेंटर द्या. उभ्या दिशेला आधीपासून सेंटरच असतं, म्हणून एवढ्यावर नाव फोटोवर चढतं. लोक चुकून 'सेटहॉरिझाँटलअलाइनमेंट' लिहितात. ते बटणाच्या आत सगळा गठ्ठा सरकवतं, नाव आणि फोटो यांचं आपसातलं नातं बदलत नाही.

डॉटनेटच्या विनफॉर्म्समध्ये 'टेक्स्टइमेजरिलेशन' मुळातच 'ओव्हरले' असतं, त्यामुळे काही न करता जमतं. फोटो 'बॅकग्राउंडइमेज'मध्ये टाकलात तर त्याचा लेआउट 'टाइल' असतो, आणि लहान फोटो फरशीसारखा पुन्हा पुन्हा दिसतो. 'झूम' किंवा 'स्ट्रेच' करा.

क्यूटीच्या क्यूपुशबटनमध्ये आयकन मजकुराशेजारीच बसतो. फोटोवर नाव हवं तर स्टाइलशीटमध्ये 'बॉर्डर-इमेज' द्या. ते बटणाएवढं ताणलं जातं, 'बॅकग्राउंड-इमेज' ताणलं जात नाही. लिनक्सवर देवनागरी हवं असेल आणि अजून सुरुवात केली नसेल, तर मी क्यूटीच घ्या म्हणेन. वेलांट्या जागेवर बसतात.

१२. दुकानातल्या संगणकावर

तिथे पायथन नसतं. पायइन्स्टॉलरनं एक्झी बनवा. फोटोंचं फोल्डर 'ॲड-डेटा'नं सांगावं लागतं, तो स्वतःहून फोटो शोधत नाही. तिसऱ्या पायरीत रस्ता प्रोग्रामच्या फाइलपासून बनवला असेल तर एक्झीतही फोटो सापडतात.

भावांची फाइल मात्र आत भरू नका. एकच फाइल बनवणाऱ्या प्रकारात सगळं सामान दर वेळी तात्पुरत्या फोल्डरात उलगडतं आणि प्रोग्राम बंद झाला की ते फोल्डर जातं. मी ती आत भरली होती. काकूनं संध्याकाळी प्रोग्राममधून चकलीचा भाव बदलला, सकाळी पुन्हा जुनाच. ती फाइल एक्झीच्या शेजारी ठेवा आणि रस्ता 'सिस.एक्झिक्युटेबल'वरून काढा.

फाइल उघडताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' लिहा. नुसतं सोडलं तर विंडोज आपलं जुनं एन्कोडिंग धरतो आणि देवनागरीचा चिखल होतो. 'सिग' यासाठी की नोटपॅडमध्ये सेव्ह करताना फाइलच्या सुरुवातीला कधी कधी एक अदृश्य खूण पडते. ती राहिली तर पहिलाच पदार्थ यादीत सापडत नाही.

शेवटी दुकानातच, दुपारी, शटर अर्धं उघडं असताना एकदा स्क्रीन बघा. आमच्या गल्ल्यावर तीन वाजता रस्त्याकडून थेट ऊन येतं. घरी झकास दिसलेली दीडशेची पट्टी तिथे फिकी पडली, ती १९० केली. बेननी दुरूनच 'घूघरा' वाचलं, तेव्हा मी लॅपटॉप बंद केला.